चौदा नंबरचं कार्ड

मंगळवार, १२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आई बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. तुझ्या खोलीत मी माझे शब्दकोश हलवलेत, त्यावरून आरडाओरडा करू नकोस.

हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना तुझं उत्तर नाही. फोन केला की वहिनी म्हणते, "अंघोळीला गेलेत." दोनदा सकाळी, एकदा दुपारी चारला. माणूस दिवसातून किती वेळा अंघोळ करतो रे? माझ्या मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच.

तुला कळलं असेलच, पण मी सांगते, म्हणजे तुला कानावर हात ठेवता येणार नाहीत. आपलं इंग्रजी-स्पॅनिश वाक्प्रचारांचं पुस्तक शाळांत गेलं आणि एका शिक्षिकेचं पत्र आलं. सातवं प्रकरण, 'जबाबदारी टाळणे', चौदा नंबरपासून पुढे स्पॅनिश बाजू एक ओळ वर सरकलीय. इंग्रजीत दुसऱ्यानं आपल्याला सोडून देणं, तर समोर स्पॅनिशमधलं हात धुऊन मोकळं होणं. हात धुण्यासमोर 'स्वीडिश असल्याचं सोंग घेणं', म्हणजे आपलं वेड पांघरणं. वेड पांघरण्यासमोर अलगद निसटून जाणं. शेवटच्या ओळीसमोर काहीच नाही. मुलांनी ते तसंच पाठ केलं.

गेल्या गुरुवारी ऑफिसात मोठ्या बाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. इंग्रजी कार्डं माझी, स्पॅनिश तुझी. दोन्ही गठ्ठे समोरासमोर बसून मोठ्यानं वाचायचे, नंबर जुळवायचे, वरच्या कागदावर दोघांनी सही करायची आणि मगच पानं लावायला द्यायची, हा आपला नियम. कागदावर दोन्ही सह्या होत्या. म्हणजे गठ्ठे बरोबर गेले, गोंधळ पानं लावताना झाला. खापर पानं लावणाऱ्या जुळारीकाकांवर फुटलं. चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. आता या शुक्रवारीच जा म्हणतात, तेही चुकीचा ठपका घेऊन.

मी घरी येऊन तुझ्यावर संशय घेत बसले. चौदावं स्पॅनिश कार्ड गेलं कुठे? दोन आठवड्यांत तू नवी नोकरी धरून गाव कसं सोडलंस? जाताना एवढा गोड का बोलत होतास? कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी आईलाही म्हटलं. आई म्हणाली, "तुला लहानपणापासून बिस्किटं संपली की त्याचाच संशय."

काल मी तू मागे ठेवलेला खोका उपसला. कार्ड त्यातच होतं. चिठ्ठी टाचलेली, तुझ्या तिरक्या अक्षरात: 'यावर वाचनाच्या वेळी बोलू. आपण स्वतः सुटणं वेगळं आणि दुसऱ्यानं आपल्याला सोडून देणं वेगळं. इथे दुसरं हवंय. अजून नीट सापडलेलं नाही.'

वाचनाच्या वेळी. दादा, ते वाचन झालंच नाही, हे तुला माहीत आहे. तू चारला येणार होतास. तू माझ्या प्रत्येक कार्डात नाक खुपसतोस, म्हणून मी वैतागले होते. तीनलाच गठ्ठे देऊन टाकले आणि तुला सांगितलं, वाचन पुढे ढकललंय. सही मी केली. तुझीही मीच केली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची करायचे, त्याच हातानं.

अजून आहे. पानं लावताना काका माझ्या टेबलापाशी आले होते. "ताई, शेवटची ओळ रिकामी राहतेय, एकदा बघता का?" मी मान वर न करता म्हटलं, "राहू द्या तशीच." गुरुवारी त्यांनी सगळ्यांसमोर हे सांगितलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मला आठवत नाही."

काका चष्मा काढून पुसत राहिले. मला इतकी लाज वाटली, आणि तरीही मी गप्प बसले.

बाईंनी तुला त्या कागदाची प्रत पाठवली होती, हे मला आज समजलं. म्हणजे ती सही तुझी नाही, हे तू पाहिलंस. आणि मूग गिळून बसलास. का? माझा स्वभाव तुला माहीत आहे, मला त्यातही संशय येतो. मला वाचवतोयस, की जन्मभर माझ्यापुढे मिरवायला हे जपून ठेवतोयस? कदाचित नुसतीच माया असेल. पण तुझ्या मायेची झळ काकांना लागतेय.

म्हणून यावेळी मला सोडून देऊ नकोस. उद्या दहाला मी बाईंकडे जाणार आहे. काकांनाही तिथे यायला सांगितलंय. तुला फोन येईल तेव्हा वहिनीला पुढे करू नकोस. सही तुझी नाही, एवढं सांग. बाकीचं मी सांगेन. मला ठेवतील की नाही, माहीत नाही.

काकांकडे बघून काय म्हणायचं, ते मात्र पाठ केलंय: "तुम्ही विचारलं होतं, काका. मला त्याच दिवशी आठवत होतं."

तुझ्यावर उगाच संशय घेणारी, आणि त्याबद्दल अजून माफी मागायचं धाडस न झालेली,
तुझी धाकटी