गळ्यातली आई

१४ मार्च १९९८, किन्हवली
गळ्याची गाठ आता लपत नाही. पदर कितीही ओढा! नवरा म्हणतो, शहापूरला डॉक्टरांकडे चल. सासूबाईंनी त्याआधीच देवराम भगताला बोलावलं. त्याने गळ्याभोवती काळा दोरा घट्ट बांधला. "दोरा ढिला झाला का समज, गेली."
आईलाही अशीच गाठ होती. तिच्यासाठी कोणी काहीच केलं नाही.

२ नोव्हेंबर २००१
दोरा सैल झाला! आत दोन बोटं जातात. सासूबाईंनी नारळ फोडला, देवरामला कोंबडा दिला. आता कशाला हवेत डॉक्टर!

२० एप्रिल २००४
अंगण तापलंय आणि मी गोधडीत. केस मूठमूठ गळतात. सासूबाई म्हणतात, आळशी झालीस. झाले असेन बाई.

६ जून
आवाज जाड झालाय. सर्दी नाही, खोकला नाही. चुलीपासून लेकीला, प्रियांकाला हाक मारली, तर पोर मला शोधत बाहेर पळाली. "आयी, आत कोण हाय?"
पुन्हा बोलून पाहिलं. हा तर आईचा आवाज! शेवटच्या वर्षी ती असंच एकेक शब्द ओढत बोलायची.

३ ऑक्टोबर
सासऱ्यांचं पित्र. मुरबाडहून बाबांनाही जेवायला बोलावलं होतं. कावळ्याचं पान ठेवून आत आले नि म्हटलं, "बसा जेवायला." बाबांच्या हातून तांब्या सुटला.
"भिमे, आजून यकदा बोल गो."
भिमी म्हणजे आई. काय करणार, बोलले. बाबा पोटभर जेवले. आई गेल्यापासून त्यांना असं जेवताना पाहिलं नव्हतं. भीती वाटली, आणि बरंही वाटलं.

२३ नोव्हेंबर
बाबा आता सारखे येतात. डोळे मिटून बसतात आणि मला बोलायला लावतात.

११ जानेवारी २००५
अंगणात चक्कर येऊन पडले. नवऱ्याने कोणाचं न ऐकता शहापूरला नेलं. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "दोऱ्याने काही झालं नाही. तुमच्या शरीरानेच तुमची थायरॉइड खाऊन टाकली, म्हणून गाठ गेली. रोज एक गोळी, जन्मभर. बंद केलीत तर जिवावर बेतेल."
आईचं सांगितलं. "त्यांनाही हेच असणार."
एवढ्याशा गोळीवाचून गेली माझी आई! एसटीत रडू आवरेना.

८ मे
घाम आला! पदराने पुसला आणि हसले. आवाज मोकळा झालाय. प्रियांका येऊन गळ्यात पडली.

१५ मे
बाबा आले. "या बाबा" म्हटलं, तर ते माझ्या मागे आत बघत राहिले. "ती गेली काय?"
पाणीही न पिता परत गेले.

१९ जून
भाऊ रघू मुरबाडहून आला होता. म्हणाला, बाबांनी अंथरूण धरलंय. "काय खात नाय गो. 'भिमीला बोलव', यवढाच बोलतो."

२० जून
आजपासून गोळी बंद. घरात कोणाला सांगितलेलं नाही.