दुकान खाली आहे

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मोठ्या निर्णयांची नोंद हवी. जुनं घर विकलं. नव्या बिल्डिंगमध्ये तळाला एक गाळा आणि तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बिल्डर म्हणतो, मिक्स्ड-यूज हेच फ्युचर. खाली दुकान, वर घर. हिचं शिवणकाम तीस वर्षं पुढच्या खोलीत खिडकीपाशी चाललं. आता स्वतःचं दुकान! हिला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज.

५ जानेवारी
हिला सांगितलं. आनंदाने हातातलं शिवण बाजूला ठेवलं. मग मशीनवर कव्हर घातलं आणि म्हणाली, मला एकदा विचारायचं तरी. म्हटलं, विचारलं तर सरप्राइज कसलं? बिनतोड उत्तर.

२ फेब्रुवारी
राहायला आलो. लिफ्ट नाही, लिफ्टचा खड्डा आहे. महिन्याभरात होईल म्हणे. हिचे गुडघे दुखतात, पण जिना हा उत्तम व्यायाम. पहिल्या मजल्यावर दहा मिनिटं टेकली, दुसऱ्यावर वीस. चढता क्रम आहे.

९ फेब्रुवारी
ही थोरल्या बहिणीकडे गेली. तिथे तळमजला आहे. आठच दिवस. मशीन इथेच आहे, म्हणजे काळजी नाही. ही एकवेळ मला सोडेल पण मशीन सोडणार नाही, असं मी पूर्वी चारचौघांत थट्टेने म्हणायचो.

२० फेब्रुवारी
आठाचे अकरा झाले. हिच्या गाळ्याशेजारी जिम निघालीय. वजनं आपटली की वर कपबश्या वाजतात. घरात आवाज असला की बरं वाटतं.
निश्चय: रोज स्वयंपाक करणे. आज ब्रेड.

१२ मार्च
मशीन खाली गाळ्यात नेऊन ठेवलं. तेल घातलं. हिच्या जुन्या गिऱ्हाइकांना नवा पत्ता कळवला. एक बाई चेन बसवायला पँट घेऊन थेट तिसऱ्या मजल्यावर, धापा टाकत. म्हटलं, दुकान खाली आहे. उतरली ती गेलीच.
निश्चय: बोर्ड. गॅलरीला, मोठा. पेंटरला मजकूर दिला: दुकान खाली आहे. त्याखाली माझा नंबर. नक्की हेच लिहू का, असं त्याने दोनदा विचारलं. म्हटलं, तू अक्षरं काढ, शंका काढू नकोस.

१६ मार्च
बोर्ड फळला! चार दिवसांत नऊ फोन. सगळ्यांचा एकच प्रश्न, दुकान खाली आहे ना? म्हटलं, हो, अगदी खाली, जिन्याला लागून. एकाने विचारलं, कधीपासून? म्हटलं, बिल्डिंग बांधल्यापासून. तो अरेरे म्हणाला. का, कोण जाणे. एक केशकर्तनवाला तर टेप घेऊन आला आणि भिंती मोजून गेला. माप देण्याचा उत्साह असा हवा.
हिला फोन केला. नऊ गिऱ्हाइकं ताटकळलीत, ये. हिने विचारलं, लिफ्ट झाली? म्हटलं, होतेय. मग विचारलं, जेवलात? जेवलो म्हटलं. जेवलो नव्हतो.

२८ मार्च
लेक आईला भेटायला मावशीकडे गेलीय. तिथून फोन. म्हणाली, बाबा, लोक ते खाली म्हणजे रिकामं असं वाचतात, सगळ्यांना वाटतंय दुकान भाड्याने द्यायचंय. मागे हिचा आवाज आला. म्हटलं, बघ, आई हसतेय, राग गेला! लेक म्हणाली, बाबा, ती हसत नाहीये.
लाइन खराब असावी.

६ एप्रिल
ही रविवारी येतेय! साडूचा टेम्पो घेऊन. टेम्पो म्हणजे सामान बरंच असणार. जिन्यात खाली आणि प्रत्येक मजल्यावर एकेक खुर्ची मांडली. घर झाडलं. कपाटात तिचा अर्धा भाग मोकळा केला. तो मोकळाच होता.

रविवार
टेम्पो रिकामाच आला. मशीन न्यायला.
हिने मशीनवरून हात फिरवला. म्हणाली, तेल चांगलं घातलंत. बहिणीच्या पुढच्या खोलीत खिडकी आहे, तिथे बसणार आहे. म्हटलं, चहा तरी घे, वर चल, जागोजागी खुर्च्या ठेवल्यात. ही खालच्या खुर्चीवर बसली. मी पहिल्या मजल्याच्या खुर्चीशी उभा. मग तिने विचारलं, वर काय आहे? म्हटलं, काही नाही गं, तू नाहीस तर सगळं रिकामं आहे.
मग वरही खालीच म्हणायचं, म्हणाली. आधी हसली, मग डोळे पुसले. या खेपेला लाइनचा दोष नव्हता.
मशीन जड. एका बाजूने साडूने धरलं, दुसऱ्या बाजूने मी. तुला विचारायला हवं होतं, हे वाक्य मी तीन महिने तयार ठेवलं होतं. टेम्पो कोपऱ्यावर वळला तेव्हा म्हटलं.

सोमवार
बोर्ड काढायला गॅलरीत गेलो. वाचला. आता मजकूर बरोबर आहे. राहू दिला.
दुपारी केशकर्तनवाल्याचा फोन. दुकान खाली आहे का अजून?
हो म्हटलं.