टाक्यातल्या घुमाऱ्याची वाटणी

मी, पेरिना झांकी, कै. याकोव झांकी यांची पत्नी, वय एकाहत्तर, धंदा ध्वनिमुद्रण, राहणार कोमिझा, विस बेट, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता, एक थेंबही न पिता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. उजवा कान शाबूत नाही, तो दोन वर्षांपूर्वी कायमचा गेला. पण कायद्याला कान लागत नाही, असे नोटरी नेव्हेंकाबाईंनी सांगितले आहे. पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते साऱ्या गावाला ठाऊक आहे, त्यावर कागद खर्च करत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण देण्यासारखे काही आपल्याजवळ आहे असे कधी वाटले नाही. आजही फारसे वाटत नाही.

कलम १. घर. या घराचा सहावा हिस्सा तेवढा माझा. बाकीचे हिस्से कॅलिफोर्नियात सान पेद्रोला राहणाऱ्या माझ्या चुलतभावंडांचे. त्यांच्यापैकी कोणी या अंगणात पाय ठेवलेला नाही, पण विक्रीच्या कागदावर सही करताना एकाचाही हात अडखळला नाही. घर झाग्रेबच्या एका हॉटेलवाल्याने घेतले. माझा हिस्साही शेवटी त्याच्याच घशात जाणार, हे वकिलाने स्पष्ट सांगितले आहे. त्याचे जे पैसे येतील ते माझी मुलगी लुसिया हिला द्यावेत.

अंगणाखाली पावसाच्या पाण्याचे दगडी टाके आहे. त्याचा हा हॉटेलवाला पोहण्याचा तलाव करणार आहे. नकाशा दाखवायला आला होता. म्हणाला, "आजी, निळ्या फरश्या लावतो बघा. तुम्हीही या पोहायला."

मी म्हटलं, "मला पोहता येतं रे. तुला ऐकता येतं का?"

तो हसला. वाईट माणूस नाही, पण त्याला तरी कसे कळणार?

कलम २. टाके. हे माझ्या नावावर नाही, तरी त्याबद्दल लिहिणे भाग आहे. गावात नळ आले तेव्हा टाके कोरडे पडले. याकोवने आणि मी त्यात एका टोकाला स्पीकर सोडला आणि दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन. गायकांचा आवाज वरच्या खोलीत अगदी कोरडा, जराही न घुमणारा, घ्यायचा, तो खाली टाक्यात सोडायचा आणि दगडांतून घुमून जे वर येईल ते गाण्यात मिसळायचे. या किनाऱ्यावरच्या कितीतरी क्लापांच्या, म्हणजे बिनवाद्यांच्या गाणाऱ्या मंडळींच्या, गाण्यांना हाच घुमारा आहे. मायक्रोफोन एकच होता. म्हणजे घुमारा मोनो, एकाच वाटेने येणारा, गाणाऱ्यांच्या बरोबर मागे, मधोमध.

आठ वर्षांपूर्वी याकोवच्या क्लापाचे शेवटचे ध्वनिमुद्रण मी केले. गाणारे पाच जण, त्यांत याकोव, फ्राने आणि विचे; प्रत्येकाचा आवाज टेपवर वेगळा. घुमारा मागाहून घालायचा होता. तेवढ्यात याकोव गेला. लुसिया म्युनिकला चित्रपटांच्या आवाजाचे काम करते. बापाचे गाणे पुरे करायला म्हणून आली आणि मला न विचारता तिने टाक्यात दुसरा मायक्रोफोन सोडला.

"आई, ऐक तरी. फ्रानेकाका डावीकडे उभे आहेत आणि त्यांचा घुमारा मधून येतोय. बाबा उजवीकडे, त्यांचाही मधूनच. पाच माणसं एका बोगद्यात कोंबल्यासारखी वाटतात."

"कोंबलेली नाहीत. खांद्याला खांदा लावून उभी आहेत. इथे असंच गातात."

"दोन बाजूंनी घेतला की घुमारा पसरतो. प्रत्येकाला जागा मिळते. टाकं टाक्यासारखं वाटतं."

"आणि होडीतल्या रेडिओला स्पीकर किती असतात? एक. तुझ्या दोन बाजू तिथे एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरतात कोरडे गळे."

"होडीत रेडिओ कोण ऐकतं आता?"

"तुझा बाप ऐकायचा."

त्यावर ती म्हणाली, "तुला गाणं करायचंच नाहीये. तुला बाबांना एका जागी बांधून ठेवायचंय."

मी तो मायक्रोफोन वायरीला धरून वर खेचला. तो दगडावर आपटून फुटला. चांगला होता. लुसिया दुसऱ्या दिवशीच्या बोटीने गेली. तेव्हापासून नाताळला फोन येतो आणि आम्ही हवापाण्याबद्दल बोलतो.

टेप तशीच राहिली. कोरडी वाजवली तर याकोव इतका जवळ असतो की गाण्याआधी त्याने ओठ ओले केलेले ऐकू येतात. घुमारा घातला की तो लांब जाऊन उभा राहतो. घुमारा नसला तर ते गाणे होत नाही. मी रोज आवाज मिसळायचा मिक्सर चालू करायची आणि रोज बंद करायची. मग उजवा कान गेला आणि सगळे जगच मोनो झाले. भांडण मी जिंकले म्हणायचे.

कलम ३. किरकोळ. मिक्सर कोणालाच नको आहे, मी विचारून पाहिले. तो हॉटेलवाल्याने भंगारात घालावा. ऑलिव्हची झाडे शेजारीण माराला; ती गेली दोन वर्षे माझ्यासाठी पोगाचा, आमच्याकडचा भरलेला पाव, भाजून आणते आणि खारवलेले मासे आत हात न आखडता भरते. स्प्लिट शहरातल्या रेकॉर्ड कंपनीचे एक संपादक होते, त्यांनी माझ्या ध्वनिमुद्रणावर यंत्रातला गुळगुळीत घुमारा थापला आणि वर म्हणाले, "आता जरा चकाकी आली." त्यांना माझ्याकडून काही मिळू नये. अंत्ययात्रेला आलेच तर मागे उभे करावे.

त्या पाच जणांतला आता फ्राने तेवढा उरला आहे. तळघरातला वाईनचा बुधला त्याला द्यायचा होता. नोटरीबाई म्हणाल्या, साक्षीदाराला काही देता येत नाही. फ्राने म्हणाला, "मग मला वारस नको करूस पेरे, साक्षीदारच कर. बुधल्याचं आपण आत्ताच बघू." त्यामुळे बुधला मिळकतीत धरू नये. तो रिकामा आहे. मारा साक्षीदार नाही, म्हणून झाडे तिला मिळू शकतात. दुसरी सही पोस्टातल्या शिमेची आहे.

कलम ४. टेप. ऑलिव्ह काढून झाले की टाके फोडायला सुरुवात होणार. हे कळल्यावर मी लुसियाला फोन करून ये म्हटले, नाताळची वाट न पाहता.

"आत्ता नाही गं जमणार, आई. चित्रपट अडकलाय. मला फाइल पाठव ना."

"टाकं पाठवता येत नाही."

"मशीनमध्ये हवं तसलं टाकं मिळतं आता."

"हे नाही मिळत."

ती मग म्हणाली, "तुला हवं तसं कर. मोनो कर. मी काही म्हणणार नाही."

आठ वर्षे मला तिच्या तोंडून हेच ऐकायचे होते. पण माझ्याशी भांडण्याइतकेही तिचे आता काही उरले नव्हते. फोन ठेवून मी रडले, हे लिहायला मला लाज नाही.

मग फ्रानेला बोलावले. त्याने शिडीवरून उतरून टाक्यात दोन मायक्रोफोन लावले, एक डाव्या भिंतीशी, एक उजव्या. मी पाचही आवाज खाली सोडले. चौघे मेलेले आणि एक जिवंत, सगळे दगडात गायले. फ्राने वर येऊन पायरीवर बसला तो बराच वेळ उठला नाही. म्हणाला, "विचेचा सूर तेव्हाही चढलेला होता. मी त्याला सांगितलंही होतं."

हेडफोन सरळ घालून मी डावी बाजू तपासली, उलटा घालून उजवी. दोन्ही स्वच्छ आल्या आहेत. दोन्ही एकत्र कशा लागतात ते मला आता कधीही कळणार नाही.

ही टेप आणि तिचा घुमारा, दोन्ही बाजूंसह, लुसियाला. बाळ, एकच बाजू घेऊन मधोमध ठेवलीस तर मोनो होईल, दोन्ही ठेवल्यास तर स्टिरिओ. ठरवायचे तूच. तुझे बरोबर होते असे मी लिहून देत नाही. ते पारखायला लागतो तो कान माझ्याकडे नाही.

कलम ५. पर्यायी वारस. हे कलम नेव्हेंकाबाईंच्या आग्रहावरून.

त्यांनी विचारले, "मुलगी टेप घ्यायला आलीच नाही तर? दुसरं नाव हवं. संग्रहालय लिहू?"

"त्यांच्या तळघरात पाणी येतं."

"मग एखादं नातलग?"

"सान पेद्रोचे?"

त्यांनी फ्रानेकडे पाहिले. तो म्हणाला, "मी त्र्याऐंशीचा आहे, बाई. आणि साक्षीदार आहे."

मी पुष्कळ विचार केला. ज्यांना हे ऐकून काही वाटले असते त्या सगळ्यांना, एक फ्राने सोडला तर, मीच कबरीपर्यंत पोहोचवून आले आहे. उरली ती एकटी लुसिया, आणि ती यायची नाही, हे मला कळते. नाव तिचेच राहील.

पर्यायी वारस: नाही.

वाचून, समजून सही केली.

पेरिना झांकी

आमच्यादेखत सही झाली:
फ्राने बोर्चिच, निवृत्त कोळी, पहिला तेनोर (क्लापातला वरचा आवाज)
शिमे पेताराच, टपाल कचेरी

कोमिझा, १९ ऑक्टोबर २०२४