दाढ काढण्याआधी सांगायची गोष्ट

देवळी,
मंगळवार, दि. १५ फेब्रुवारी १९५५

चि. सौ. सीतेस थोरल्या बहिणीचे, वच्छलाबाईचे, अनेक आशीर्वाद.

तू शुक्रवारी लिहिलेलं कार्ड आज सकाळी हाती आलं. रूपरावांचा खोकला गेला, तुरी घरात येऊन पडल्या, नलू शिवणयंत्र शिकते आहे, हे सगळं वाचून बरं वाटलं. इकडे मी बरी आहे. हे दुकानाच्या मालासाठी काल नागपूरला गेले, उद्या येतील.

आणि मग तुझी शेवटची ओळ वाचली. "बुधवारी हरिदासची दाढ काढायला वर्ध्याला जातो. प्रभाकरची तुम्ही नुकतीच काढून आणली, तर आधी काय काय माहीत असावं ते लिहून पाठव, बाई." बुधवार म्हणजे उद्याच ना गं! आता तू विचारलंस तेच आधी सांगते, कारण तेही खरंच आहे.

हरिदासला उपाशी नेऊ नकोस. तुझ्या उपासतापासाच्या खुळापायी एकोणीस वर्षांच्या पोराला रिकाम्या पोटी खुर्चीत बसवशील तर तो तिथेच गडगडेल. भाकर-वरण खाऊ घाल, मग चूळ भरू दे. दुखतं म्हणून डोकेदुखीच्या गोळ्या देत असशील तर आजपासून बंद कर, आणि किती दिल्या ते डॉक्टरांना सांग. त्या गोळ्यांनी रक्त पातळ होतं, हे मला आता कळलं. संध्याकाळी जाऊ नकोस, सकाळीच जा, म्हणजे काही झालं तर दिवसाउजेडी परत डॉक्टर गाठता येतात. हिरडीत सुई देतात, ती मुंगीसारखी चावते. त्यानंतर गाल असा बधिर होतो की आपलाच ओठ आपण चावला तरी कळत नाही. दाढ निघाली की वर कापसाची घडी ठेवतात, ती अर्धा तास दाबून धरायची, घडोघडी काढून पाहायची नाही. त्या दिवशी गुळणी नाही, गरम चहा नाही, तंबाखू तर नाहीच नाही. हरिदास खातो, तुला माहीत नसेल तर आता माहीत झालं.

मी घरच्या कपाशीचा कापूस पिंजून नेला होता, तर डॉक्टर हसले. म्हणाले, बाई, हा गादीत घाला. अख्ख्या कपाशीच्या मुलखात दाताला कापूस विकतचा!

हे सगळं झालं, सीते, पण हे काही नाही. हे कोणीही सांगेल. कंपाउंडरसुद्धा सांगेल. जे मीच सांगायला हवं ते आता लिहिते.

"दाढ सुखरूप निघाली" हे मी तुला कळवलं ते त्याच दिवशी, वर्ध्याच्या स्टँडवर बसून. खोटं नव्हतं. दाढ सुखरूपच निघाली. माझा प्रभाकर सुखरूप नव्हता.

त्या दिवशी आमच्याबरोबर इथलेच, देवळीचे पुंडलिकराव होते. त्यांचं कचेरीत काम होतं. एकाच मोटारीतून आलो, तेव्हा होणारे सोयरे म्हणून ते आमच्याबरोबर दवाखान्यातही येऊन बसले. तुझे होणारे व्याही, तुझ्या नलूचे होणारे सासरे, आणि ही सोयरीक जमवणारी मी. म्हटलं, मान राखतात, चांगलं आहे. ते संत्रं सोलत होते. डॉक्टरांनी प्रभाकरच्या तोंडात पाहिलं, त्याच्या गुडघ्यावरचा जुना काळानिळा डाग पाहिला आणि मला विचारलं, "घरात, नात्यात कुणाचं लागल्यावर रक्त थांबत नव्हतं, असं आहे का?"

मला डोमा आठवला. लगेच आठवला, हे तुझ्याजवळ कबूल करते. आपला सेलूचा भाऊ डोमा, बावीस वर्षांचा. बाजारात बसणाऱ्या माणसाकडून दाढ उपटून आला आणि तीन दिवस उशी भिजवत गेला. आणि मायने जगाला सांगितलं, ताप आला होता. आणि मला तू आठवलीस. नलूच्या साक्षगंधाच्या दिवशी चुलीपाशी माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतलास. "बाई, डोम्याचं नाव काढशीन तर माझं मेलं तोंड पाह्यशीन." रक्ताची खोट आहे म्हणून सोयरीक मोडेल, ही तुझी भीती. माझीही होती. मी काही तुझ्यापेक्षा शहाणी नाही.

पुंडलिकराव सोललेली फोड हातात धरून माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "नाही जी, तसं काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकर उठला तेव्हा उशी लाल. आधी आम्ही बर्फ लावला, तुरटी लावली, मग शेजारणीने सांगितलं म्हणून हळद दाबली. दुपारी तो भिंत धरून चालायला लागला. ह्यांनी पुंडलिकरावांना हाक मारली, दोघांनी त्याला मोटारीत मधे धरून वर्ध्याला नेलं. सगळा रस्ताभर तो माझ्या पदरात थुंकत होता.

डॉक्टरांनी टाके घातले. रक्त टाक्यांतून यायला लागलं. तेव्हा त्यांनी हात धुतले, माझ्यासमोर उभे राहिले आणि पुन्हा तेच विचारलं. "बाई, खरं सांगा. पोराच्या जिवाचा प्रश्न आहे."

सीते, माझं पोर समोर पांढरं पडलं होतं. त्याचे ओठ कागदासारखे झाले होते. आणि मी पुंडलिकरावांकडे पाहिलं आणि दुसऱ्यांदा म्हटलं, "नाही."

मला अजून पटत नाही की ते मी म्हटलं. कोणती आई असं म्हणेल? तू कुणाची गोष्ट म्हणून मला सांगितली असतीस, तर मी त्या बाईला शिव्या घातल्या असत्या. पण तोंडातून निघालं. वीस वर्षं "ताप, ताप" म्हणून जीभ तशीच वळली होती, दुसरं म्हणताच येईना.

तेव्हा पुंडलिकराव उठले. म्हणाले, "डाक्टरसाहेब, बाईले काऊन इचारता, मले इचारा. याचा मामा असाच गेला. दाढ उपटल्यावर तीन दिवस रगत थांबलं नाई. सेलू माह्या मामाचं गाव आहे. त्याच्या तिरडीले मी खांदा देल्ला होता."

मी एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"साऱ्या सेलूले मालूम आहे, बाई. तुमी दोघी बहिनीच लपवून राह्यल्या."

कुणापासून लपवत होतो आपण? ज्याच्यापासून लपवायचं, त्याने आपल्या भावाला खांदा दिला होता! मला रडू आलं नाही. लाजही नंतर आली. आधी नुसता धक्का बसला, डोक्यात कुणी पाटा टाकावा तसा.

डॉक्टरांनी त्याच पावली नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथे दोन बाटल्या ताजं रक्त चढवलं, तेव्हा चौथ्या दिवशी थांबलं. प्रभाकर वाचला. रविवारी घरी आणलं, अजून उठला की घेरी येते, म्हणून मी त्याला सोडून तुझ्याकडे धावू शकत नाही. तुला कळवलं नाही ते काळजी नको म्हणून नव्हे. डोमाचं नाव काढल्याशिवाय कळवता येत नव्हतं म्हणून.

आता नीट वाच. नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर रेघा काढून समजावलं. हा रक्ताचा आजार आईकडून मुलाला येतो. आईला स्वतःला काही होत नाही, ती हसतखेळत असते, पण तिच्या पोटातून तो मुलाकडे जाऊ शकतो. मायकडून डोमाकडे गेला. माझ्याकडून प्रभाकरकडे. मीच त्याला जन्म दिला आणि मीच हेही दिलं. तुझ्याकडून हरिदासकडे गेला असेल किंवा नसेल, ते तपासल्याशिवाय कळत नाही. पण लहानपणी त्याचं कोपर महिनाभर सुजून राहायचं, आठवतं? आपण दृष्ट काढत होतो.

नलूबद्दलही तेच. तिच्या अंगात असेल, नसेल. असेल तर तिच्या मुलांचा प्रश्न. डॉक्टर हे बोलले तेव्हा पुंडलिकराव माझ्या शेजारीच होते. डोमाचं मरण त्यांना माहीत होतं, पण ते पुढच्या पिढीत उतरतं हे त्यांनाही नवं होतं. परतीच्या गाडीत वर्धा येईपर्यंत ते डॉक्टरांचा रेघांचा कागद पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते.

आज तुझं कार्ड आलं तेव्हा ते प्रभाकरला पाहायला आले होते. मी शेवटची ओळ वाचून ओरडले असेन, कारण ते ओसरीवरून आत आले. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. तार करावी तर तारेत एवढं मावत नाही, आणि "दाढ काढू नका" एवढंच वाचून तू काय समजली असतीस? टपाल परवा पोचेल. मी म्हटलं, कसं करू? नलूच्या लग्नाचं काय, हेही तोंडातून गेलंच, मेली जीभ. तर म्हणाले, "लगनाचं मंग पाहू. पयले पोराची दाढ. तुमी लिहा, मी घेऊन जातो."

ते बाहेर बसले आहेत, चपला घालूनच. हे पत्र मी त्यांना वाचून दाखवलं आहे, तुझी चुलीपाशीची शपथसुद्धा. सोयरीक राहील की मोडेल ते मला माहीत नाही, आणि आज मी विचारणार नाही. तूही विचारू नकोस. आज रात्रीचं जेवण त्यांना घाल, रूपरावांना सगळं सांग. उद्या वर्ध्याला जाच, पण दाढ काढायला नव्हे, सांगायला. पुढे नागपूरला जायचं का, ते डॉक्टर ठरवतील.

डॉक्टर विचारतील तेव्हा पुंडलिकराव शेजारी असतील. ते बोलण्याआधी तू बोल.

दोनदा नाही म्हणालेली,
तुझी बहीण
वच्छला