आज माझी विहीर, उद्या तुमची चूल

श्री. दत्तराव दाजी, मुक्काम सोनपेठ, यांना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे गिरणीवाल्या बन्सीधरचा, पीठ लागलेल्या दोन्ही हातांनी रामराम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? राजेश्रीताई मागं सांगत होती की तुम्ही पायऱ्या चढताना सरकारला आणि उतरताना डॉक्टरला शिव्या देता. तसं असेल तर गुडघा बरा होण्याच्या मार्गावर आहे असं समजायला हरकत नाही. (आमच्या आबांचा गुडघा खरोखर गेला, तेव्हा ते कुणालाच शिव्या देईनात. तेव्हाच आम्ही घाबरलो.) ताईचं पित्त, म्हशीचं दूध, थोरल्याची परभणीतली नोकरी हे सगळं कळवावं. इकडं आम्ही खुशाल आहोत. म्हणजे आता आहोत. मागचा महिना गावात कुणीच खुशाल नव्हतं, आणि तीच हकीकत सांगायला हे पत्र लिहितो आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि मग तुमच्या ओट्यावरची चार माणसं मधेच निकाल देऊन मोकळी होतात.

तर आमच्या गावातले आसाराम आणि परमेश्वर तुम्हाला माहीत आहेत. आसाराम म्हणजे उंच, मिशीवाला, तुमच्या लग्नात वरातीच्या घोड्यापुढं आडवा पडला होता तो. परमेश्वर म्हणजे बुटका, त्याला उचलायला गेला होता तो. त्या वेळी दोस्त होते. पुढं पंचायतीच्या निवडणुका आल्या, दोघांचे दोन पॅनल झाले, आणि तेव्हापासून गावात शेळी व्याली तरी ती कोणत्या पॅनलची हे आधी विचारतात. दोघांची दळणं माझ्याकडंच येतात, त्यामुळं मी कुणाचाच नाही. गिरणी चालू असली की मला काही ऐकू येत नाही, मी नुसती मान हलवतो, आणि दोघंही समाधानानं घरी जातात. राजकारणात इतकी वर्षं मी याच्यावरच टिकलो.

आता पाण्याचं असं की उन्हाळ्यात गावची विहीर आटली की पंचायत ठराव करते, तहसीलमधून हुकूम निघतो, आणि कुणाची तरी खासगी विहीर नाही तर बोअर गावासाठी ताब्यात घेतात. त्याला अधिग्रहण म्हणतात. शब्दच असा आहे की ऐकल्याबरोबर माणसानं आपली विहीर झाकायला धावावं. मागच्या खेपेला आसारामच्या पॅनलची सत्ता होती, तेव्हा त्यानं नेमका परमेश्वरचा बोअर धरला. परमेश्वरनं पंचायतीपुढं मांडव घातला आणि उपोषणाला बसला. फलकावर लिहिलं होतं, ‘आज माझा बोअर, उद्या तुमची चूल!’ सरकारला एवढा अधिकार दिला तर माणसाच्या हातात राहतं काय, ही हुकूमशाही आहे, निजामानंसुद्धा असा जुलूम केला नव्हता, असं तो माइकवर सांगत होता. (निजामाच्या वेळी बोअर नव्हते, पण हे त्याला सांगणार कोण?) आसाराम पारावर उभा राहून उत्तर देत होता, ‘गाव तहानलेलं असताना मालकी कसली? पंचायतीला अधिकार नको तर मग पंचायत कशाला?’ मला दोघांचंही पटलं. मी मान हलवली.

पुढं निवडणूक झाली. सरपंचपद बायांसाठी राखीव निघालं. परमेश्वरची सविता उभी राहिली, आसारामची कस्तुराबाई उभी राहिली, आणि सविता निवडून आली. निकालाच्या दिवशी हार मात्र परमेश्वरच्या गळ्यात पडले. पंचायतीत सविता लाकडी खुर्चीवर आणि परमेश्वर शेजारी फिरत्या खुर्चीवर. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचंही तेच. आसाराम अ‍ॅडमिन होता तेव्हा त्यानं बाकीच्यांचं लिहिणं बंद केलं होतं, आणि परमेश्वर त्याला लोकांचा गळा दाबणं म्हणायचा. परमेश्वर अ‍ॅडमिन झाला आणि पहिल्या संध्याकाळी त्यानं लिहिणं बंद केलं. त्याला तो शिस्त म्हणतो. आता आसारामला गळा दाबल्यासारखं वाटतं, पण ग्रुपवर तसं लिहिता येत नसल्यामुळं तो गिरणीत येऊन ओरडतो.

यंदा चैत्रातच विहिरीनं तळ दाखवला. आणि परमेश्वरनं ठराव काढला की आसारामची मळ्यातली विहीर ताब्यात घ्यावी. दुसऱ्या दिवशी मी गिरणी उघडायला निघालो तर पंचायतीपुढं मांडव! तोच मांडव, त्याच जागी, आणि फलकावर ‘आज माझी विहीर, उद्या तुमची चूल!’ खाली आसाराम मांडी घालून बसलेला. हुकूमशाही, जुलूम, निजाम, सगळं जसंच्या तसं. आणि पारावर परमेश्वर, ‘गाव तहानलेलं असताना मालकी कसली?’ दाजी, मला क्षणभर वाटलं आपल्यालाच चक्कर आली. दिवसभर एक जण दुसऱ्याला ढोंगी म्हणायचा आणि दुसरा पहिल्याला दोन तोंडाचं मांडूळ. दोघंही एकमेकांची मागची भाषणं तोंडपाठ म्हणून दाखवायचे. स्वतःचं मात्र एकालाही आठवत नव्हतं. या भांडणात आठ-पंधरा दिवस गेले, आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन खालच्या ओढ्यात झरे उकरत राहिल्या. आमची कुसुम एकदा झऱ्यावरून आली, हंडा ठेवला आणि म्हणाली, ‘कोण ढोंगी हाय त्याचा निकाल लागला की सांगा. तवर आमी बिनपाण्याचं पीठ मळताव.’

शेवटी ग्रामसभा ठरली. शाळेपुढच्या पटांगणात सतरंज्या, वर माइक. बाया रिकामे हंडे घेऊनच आल्या आणि पुढं बसल्या. आसाराम बोलला. परमेश्वर बोलला. मग आसाराम परमेश्वरच्या बोलण्यावर बोलला. ऊन इतकं की ग्रामसेवक कागदानं वारा घेता घेता कागदाखालीच झोपला. तेवढ्यात सविता उठली. (आजवर ती फक्त झेंडावंदनाला उठलेली.) माइक हातात घेतला आणि म्हणाली, ‘दोन वर्सामागं आमचे मालक काय म्हणले ते मी ऐकलं. आसारामभाऊ काय म्हणले ते बी ऐकलं. आज दोघायचं उलटं ऐकायले. मला चारीबी येळचं पटलंय. म्हणून आसारामभाऊची विहीर बी घ्या अन् आमचा बोअर बी घ्या. एका विहिरीवर गाव भागत न्हाई.’

परमेश्वर तिच्या कानाशी वाकून म्हणाला, ‘सविता, तू घरी चल, मग सांगतो.’ माइक चालूच होता. ते साऱ्या गावानं ऐकलं, राणीसावरगावच्या रस्त्यानं जाणाऱ्या एसटीतल्या माणसांनीही ऐकलं असेल. सवितानं माइक तोंडाजवळच ठेवला आणि शांतपणे म्हणाली, ‘सभा संपंस्तवर मला सरपंच म्हणा.’ दाजी, बायांनी हंडे वाजवले. टाळ्या मी पुष्कळ ऐकल्या, पण रिकाम्या हंड्यांचा असा गजर आयुष्यात ऐकला नव्हता. हात वर झाले, ठराव पास झाला. माझाही हात वर होता. कुसुम बघत होती.

खरी गंमत पुढं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीपुढं एक मोटारसायकल थांबली. पुढं आसाराम, मागं परमेश्वर! मला वाटलं कुणीतरी गेलं. परमेश्वर म्हणाला, ‘बन्सीभाऊ, चला गंगाखेडला. तुमचं अक्षर चांगलं हाय, दरखास्त लिहायची.’ मी म्हटलं, कशाची? तर दोघं एकदम म्हणाले, ‘सरपंचाच्या हुकूमशाहीची!’

मला मधे बसवलं. (दोन्ही पॅनलच्या बरोबर मधे. पुष्कळ वर्षं मनानं जिथं होतो तिथं आता देहानंही पोचलो.) रस्ताभर आसाराम मागं मान वळवून आणि परमेश्वर माझ्या खांद्यावरून पुढं वाकून बोलत होते. ‘तुझ्या घरात तुझं चालत न्हाई अन् माझी विहीर घ्यायला निघाला व्हतास!’ ‘अधिकाराची चटक तूच लावली गावाला!’ एकीची पहिली फळं अशी माझ्या दोन्ही कानांत पडत होती. गंगाखेडच्या अलीकडं हवालदारानं हात केला. तिघं एका गाडीवर. सरपंचाच्या हुकूमशाहीविरुद्ध निघालेला परमेश्वर खाली उतरला, सदरा ओढून नीट केला आणि भारदस्तपणे म्हणाला, ‘साहेब, सरपंचाची माणसं हाव आमी.’ आसारामनंही मान डोलावली, ‘हाव ना, आमच्या सरपंचबाई लय कडक हायत.’ हवालदार म्हणाला, ‘कडक हायत तर मग बाईला फोन लावा.’ दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. फोन कुणीच काढला नाही. पावती मुकाट्यानं फाडली, आणि मी उरलेला रस्ता चालत आलो.

तहसीलमधले साहेब सज्जन वाटले. मी लिहिलेली दरखास्त त्यांनी शेवटपर्यंत वाचली. (अक्षराबद्दल काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावरून आवडलं असावं.) मग विचारलं, ‘सरपंच कोण?’ परमेश्वर म्हणाला, ‘माझी बायको.’ साहेबांनी कागद घडी घालून परत दिला. ‘मग इथं कशाला आलात? घरी बोला.’

आठवड्यात हुकूम आला. आधी परमेश्वरच्या बोअरला पाइप जोडला, मग आसारामच्या विहिरीला. त्या संध्याकाळी मी मळ्याकडून येत होतो. मोटर सुरू झाली होती आणि आसाराम काठावर एकटाच उभा राहून खाली उतरणारं पाणी बघत होता, म्हणून मी बाभळीआड थांबलो. ती विहीर त्याच्या बापानं सुरुंग लावून फोडलेली, त्यात एक बोट गेलं होतं म्हाताऱ्याचं, हे तुम्हालाही माहीत असेल. थोड्या वेळानं परमेश्वर आला आणि शेजारी उभा राहिला. मग परमेश्वर म्हणाला, ‘मोटर चालू झाली की पोटात तुटतंय, न्हाई का?’

आसाराम म्हणाला, ‘तुला बी तसंच झालतं?’

‘तर काय.’

‘मग तव्हा सांगायचं की रे.’

‘सांगितलं व्हतं. तू ढोंगी म्हणालास.’

आसारामनं खिशातून तंबाखूची पुडी काढली, मळली आणि अर्धी परमेश्वरच्या हातावर ठेवली. मी बाभळीआडूनच घरी आलो. दाजी, हसायला येणार होतं ते आलंच नाही.

आता दिवसाआड नळाला पाणी येतं. भांडण पुन्हा सुरू झालं आहे, पण आवाज खाली आला आहे. परवा एकानं दुसऱ्याला मांडूळ म्हटलं, तर दुसरा म्हणाला, ‘हाव, पण तुझ्याच वारुळातलं.’ आणि दोघं चहाला गेले. सविताबाई आता फिरत्या खुर्चीवर बसतात. परमेश्वरला लाकडी खुर्ची आहे, आणि तो म्हणतो कंबरेला तीच बरी. माणसानं तत्त्वाला धरून राहावं, सत्ता कुणाचीही असो एकच बोलावं, एवढा धडा या प्रकरणातून मी घेतला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दळण होईपर्यंत तो सांगत असतो. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांधावं.

आपला मेव्हणा,
बन्सीधर

ता. क. – एक बारीक काम होतं. सविताबाई आता म्हणतात की दोन ठिकाणच्या पाण्यावर वैशाख निघणार नाही, तर गावात आणखी कुणाकडं पाणी आहे ते बघू. आमच्या परसात, कडब्याच्या गंजीमागं, एक बोअर आहे. तुम्हाला ठाऊक नसेल. गावालाही नाही. पाणी बरं आहे, पण माझी लिंबाची चार झाडं त्याच्यावर आहेत. तुमच्या ओळखीचे ते पाणी तपासणारे साहेब आहेत ना, त्यांच्याकडून ‘बोअर कोरडा’ असा एक दाखला मिळाला तर बरं होईल. हे ढोंग नव्हे. आसाराम-परमेश्वरचा प्रश्न तत्त्वाचा होता, माझा लिंबांचा आहे. सरकारी अधिकार चांगल्या कामाला वापरला तर माझा त्याला विरोध नाही.

आणखी ता. क. – दाखला मिळत नसेल तर मांडवाचं भाडं कुणाकडं द्यायचं ते मी इथं विचारून ठेवलं आहे. तुम्ही एक दिवस भाषणाला या. गुडघा दुखत असला तर बसून बोला, उपोषणाला ते शोभूनच दिसतं.

दाजी, मी कुसुम. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं, म्हणून दोन ओळी लिहिते. दाखल्याचं काही करू नका. कडब्यामागचा बोअर मी कालच सविताबाईला नेऊन दाखवला. पाइप उद्या जोडणार हायत. ह्यांना अजून सांगितलं न्हाई, जेवण झाल्यावर सांगीन. ताईला म्हणावं, दोन उन्हाळे झाले तुमी माहेराला आला न्हाईत, पाण्याची अडचण म्हणून मी बी आग्रह केला न्हाई. आता या. डोक्यावरून न्हायला देते.