उतरायला मला कोणी शिकवलं नाही

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं मला शोभत नाही. आई तर म्हणते, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. पण शनिवारी दुपारी इथल्या एका डोंगराच्या उतारावर, ओल्या मुळांवर बूड टेकून बसले असताना मला तुमचा जो संताप आला, तो अजून निवलेला नाही. तो तुम्हालाच सांगायचा आहे.

इथे अमेरिकेत, रेडमंडला हिवाळाभर पाऊस. त्यामुळे आमचं चालणं गॅरेजमधल्या ट्रेडमिलवर, समोर मराठी मालिका लावून. मी न थांबता तासभर चालते, तेही मशीनला चढ देऊन. शेजारच्या काकू म्हणतात, "तुझा स्टॅमिना बघून मला लाज वाटते गं." मीही फुशारून गेले होते. ऊन पडल्याबरोबर इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपची हाइक ठरली, तेव्हा सगळ्यांत आधी मी हो म्हटलं. ट्रेडमिलचा पट्टा आपणहून पायाखालून सरकतो, डोंगर काही सरकत नाही, हे पहिल्याच वळणावर कळलं. प्रत्येक पाऊल स्वतःच उचलायचं, वर अख्खं अंग ओढायचं, दगड हलतोय का ते आधी चाचपायचं. तरी धापा टाकत वर पोचले, फोटोही काढले. वाट लागली ती उतरताना. आमच्या मशीनला चढ देता येतो, उतार नाही. मांड्या लटलट कापायला लागल्या, गुडघे ऐकेनात. दोनदा घसरले आणि मग बसलेच. लेक पुढून ओरडली, "आई, यू ओके?" ग्रुपमधला एकजण म्हणाला, "यार, रेस्क्यूला कॉल करूया का?" मी नको म्हटलं. मला रडू येत होतं आणि तुम्ही आठवत होता.

माहेरची एक रविवारची सकाळ आहे. तुम्ही आणि दादा गडावर निघाला आहात आणि मी तुमच्या डब्यासाठी पोळ्या लाटते आहे. दाराबाहेर जिन्यावर तुम्ही दादाला उतरायला शिकवताय. "गुडघा किंचित वाकलेला ठेव. पाऊल आडवं टाक. पुढचा पाय नीट टेकल्याशिवाय मागच्यावरचं वजन सोडू नकोस." दादा तोंड वाकडं करून उभा, त्याला झोपायचं आहे. मी पिठाच्या हातांनी दारात येते आणि विचारते, "बाबा, मी येऊ?" तुम्ही हसता. "तुला दम लागेल गं. घरात दोरीच्या उड्या मार, तोही व्यायामच." आणि पुढच्याच आठवड्यात तुम्ही खरोखर दोरी आणलीत, लाल मुठींची. मुलीची किती काळजी, म्हणून सगळ्यांनी तुमचं कौतुक केलं. मला ती दोरी फेकून मारावीशी वाटत होती.

शनिवारी मी उठले. गुडघा वाकवला, पाऊल आडवं टाकलं, वजन मागे ठेवलं. लेकीने हात पुढे केला, तो धरला नाही. पार्किंगपर्यंत स्वतःच्या पायांनी आले, सगळ्यांत शेवटी. म्हणजे मी उतरले ती तुमच्याच शब्दांवर, आणि ते शब्द माझ्यासाठी नव्हतेच, पोळ्या लाटताना कानावर पडलेले. याचा तर मला आणखीच राग आला. दम लागतो की नाही ते एका रविवारी नेऊन बघितलं असतं, तर तुमचं काय बिघडलं असतं? एकाच रविवारी, बाबा.

हे सगळं फोनवर टाइप केलंय. दादाला पाठवणार नाही, तो म्हणेल, सोड ना आता. येत्या शनिवारी ग्रुप पुन्हा जातोय आणि मीही जाणार आहे. मला डोंगराचं वेड लागलंय असं सगळ्यांना सांगत सुटले आहे. ते खोटं आहे. डोंगर मला फारसा आवडला नाही. तेव्हासुद्धा मला गड बघायचा नव्हता. मला तुमच्याबरोबर यायचं होतं.