धड पांढरं नाही, धड लाल नाही

१९ ऑक्टोबर

नवऱ्याच्या, दर्माच्या घरून आणलेली बांबूची टोपली आज रिकामी केली. माहेरी परत आल्यापासून कोपऱ्यात तशीच पडली होती. त्या घरात सून म्हणून रोज तिच्यातच फुलं गोळा केली. तळाशी सुकलेल्या पाकळ्या, माती, कचरा. अंगणातल्या नळामागे झटकली, धुतली. एवढ्यानेच दमले.

२३ ऑक्टोबर

मुर्नीवहिनी कामापुरतं बोलते. सकाळी म्हणाली, "केतुत, बसून राहण्यापेक्षा परड्या कर." केल्या. नारळाच्या कोवळ्या पानांच्या — पूर्वेला पांढरं फूल, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला जांभळं. हात आपोआप चालतात. मग तबक उचलून वहिनी घरच्या देवळात गेली आणि मी पायरीशी थांबले.

लग्नात या देवांचा निरोप घेऊन गेले होते. आता दादाने परत घेण्याचा विधी केल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. तिकडच्या देवांनी सोडलं, इकडच्यांनी घेतलं नाही. मधल्यामध्ये मेले तर कुणाच्या घरची म्हणून जाळतील मला?

दादाला विचारलं, विधीचं काय. "बघू," म्हणाला. स्कूटर पुसत होता.

२८ ऑक्टोबर

नळामागे बरंच काही उगवलंय. कुणी पेरलं नव्हतं. काय काय आहे ते बघत बसले, दुसरं काम तरी कुठे आहे. झेंडू — पान चोळून वास घेतला. कोंबडा. एक गुलबक्षी. बाकी सगळा तेरडा. तेरड्याचा रंग फुलाआधी देठावरून कळतो. देठ हिरवा तर फूल पांढरं, देठ लालसर तर लाल. हे आईने शिकवलेलं. एक रोप मात्र ओळखू येईना. हिरव्या देठावर लाल शिंतोडे.

आईची बाग होती तिथे दादाने सिमेंट ओतलंय, स्कूटर उभी करायला. तिच्या हातचं एकही रोप उरलेलं नाही.

२९ ऑक्टोबर

पाठ दुखते. भात, मिरचीची चटणी, झोप.

५ नोव्हेंबर

वहिनी खुरपं घेऊन नळाशी उभी. "हे काय माजलंय? माझ्या वेळेपासून तरी इथे असला तेरडा नव्हता."

"माझ्या टोपलीतून सांडला असेल. तिकडचा."

"म्हणजे दर्माचा." खुरपं माझ्या हातात दिलं. "तुझं तू निस्तर."

खुरपं लागलंच नाही. तेरडा ओढला की अलगद हातात येतो, मुळं धरून ठेवतच नाहीत. बरेच उपटले. शेवटी त्या शिंतोडेवाल्याला हात घातला आणि कंटाळा आला. दया वगैरे काही नव्हती, नुसता कंटाळा. राहू दिलं.

१२ नोव्हेंबर

दादाला पुन्हा विचारलं. "जरा निवळू दे. घाई केली आणि तो न्यायला आला तर?"

तर ही आशा आहे याला! दर्मा शहरात, देनपासारला दुसरी घेऊन राहतोय. तो कशाला येतो. दादा मला वाईट बोलत नाही, पोटभर जेवू घालतो. पण पाहुणीसारखं. मी चिडले आहे त्याच्यावर. फार चिडले आहे. आणि भांडायचं त्राण नाही.

२० नोव्हेंबर

त्या रोपाला कुणीतरी काडीचा आधार दिलाय. मी नाही. वहिनीला विचारलं.

"वाऱ्याने मोडलं असतं." मग भांडी घासताना, माझ्याकडे न बघता, "मी तरी कुठे इथे उगवलेय? आणून लावलेलीच की." हसली जराशी. मी आल्यापासून पहिल्यांदा.

१ डिसेंबर

फूल आलं. पांढऱ्यावर लाल ठिपके.

बघताक्षणी सासू आठवली. "धड पांढरं नाही, धड लाल नाही. पूर्वेला चालत नाही, दक्षिणेला चालत नाही. उपट ते." दर वर्षी उपटायचे मी, दर वर्षी कुठून तरी यायचंच.

कुठून ते आज आठवलं. सासरी निघाले तेव्हा आईने माझ्या कमरेच्या कापडाच्या टोकाला बी बांधून दिलं होतं. तिच्या बागेतलं. सासूच्या परसात मीच टाकलं आणि मीच विसरले. नळाशी बसून रडले. वहिनीने पाहिलं. बादली भरून घेतली आणि आत गेली.

२ डिसेंबर

दादा तोंड धुवायला नळावर आला तो तसाच उभा राहिला. पाणी वाहतंय, याचं लक्ष नाही.

"हे आईचं. कुठून आणलंस?"

सांगितलं. त्याने नळ बंद केला. "मीच सिमेंट घातलं त्याच्यावर," म्हणाला. कॉफी न पिताच स्कूटर काढून कुठे तरी गेला. दुपारी आला.

३ डिसेंबर

परड्या भरत होते. दादाने ते ठिपक्यांचं फूल स्वतः तोडून आणलं. म्हणाला, "मध्ये ठेव. आई मध्येच ठेवायची, तिथे सगळे रंग चालतात." ठेवलं. तबक वहिनीपुढे सरकवलं.

दादा म्हणाला, "आजचं तिला नेऊ दे, केतुत. बुधवारपासून तू नेशील. काल पुरोहितांकडे जाऊन आलो."